कशावर उगवली

अप्पा, तुमच्या खिडकीच्या काचेवर काल नऊ माश्या होत्या. तोंड काचेला चिकटलेलं, पंख वर उचललेले, फुगलेल्या पोटावर पांढरे पट्टे, आणि प्रत्येकीभोवती काचेवर पीठ सांडल्यासारखं एक वर्तुळ. आत तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावलेल्या, भन्तेजी आलेले, संतपूरहून तुमची भावकी आलेली, सगळे वंदना म्हणत होते, आणि मी तुमच्या जलदानाच्या कार्यक्रमात बसून माश्या मोजत होते. तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं, आणि तुमच्या कारभारणीने, रुक्मिणीअक्कांनी, आपल्या दोघांकडे बघून डोळे वटारले असते. काल त्यांनी वटारले नाहीत. तेच मला जास्त लागलं.

शेजारची एक बाई ओलं फडकं घेऊन काच पुसायला निघाली तेव्हा मी तिचा हात धरला. तिला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलंय. फिरलं होतंच थोडं. पण माशी संध्याकाळी उंच जागा गाठून मरते, तोंडाने काचेला चिकटते आणि पंख वर घेते ते पोटातल्या बुरशीला मोकळं उडता यावं म्हणून, हे मला तुम्ही शिकवलंत. माशी स्वतःच्या मर्जीने वर चढत नाही, तिला चढवलेलं असतं. "मेल्यावर बी कामाला लावलंय बघ तिला," असं तुम्ही हसत म्हणायचात आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

तुमचा जन्म कधीचा, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण, हे सगळं छापील कार्डावर आलं आहे. एक ओळ राहिली. बिदरच्या चारी बाजूंना शेणावर आणि किड्यांवर उगवणाऱ्या बुरश्या तुमच्याइतक्या ओळखणारा दुसरा माणूस नव्हता, आणि तो माणूस आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडर होता. मी त्याच लॅबमध्ये आधी विद्यार्थिनी होते आणि मग बाई झाले. बाई झाले म्हणून तुमच्याहून जास्त कळायला लागलं असं नाही. पगार जास्त होता, एवढंच.

पण मी कौतुक करायला बसलेली नाही. मी तुमच्यापासून एक नाव लपवलं, अप्पा. ते नाव मला चौथ्या दिवशी कळलं होतं आणि तुम्ही सतराव्या दिवशी गेलात. मधले तेरा दिवस मी गप्प बसले. आज एकविसावा आहे.

पहिल्या वर्षाचं ते प्रॅक्टिकल आठवतंय का? तुम्ही काचेचं झाकणाचं भांडं आणलंत, आत ओल्या टीपकागदावर म्हशीच्या शेणाचा गोळा. आम्ही मुली ओढण्या नाकाला लावून मागे सरकलो. सर अजून आले नव्हते. तुम्ही म्हणालात, "सरकू नका गं. तुमच्या सगळ्यांची घरं ह्यानंच सारवल्याली हाईत." मग ते भांडं तुम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलंत, खोक्याला एका बाजूला रुपयाएवढं भोक पाडलंत आणि उद्या या म्हणालात. दुसऱ्या दिवशी भांड्याच्या काचेवर, नेमकं भोकासमोर, शंभरेक काळे ठिपके. शेणावर उगवलेल्या त्या केसभर बुरशीने आपल्या डोक्यावरच्या काळ्या टोप्या उजेडाकडे नेम धरून फेकल्या होत्या. पुस्तकात तिला पायलोबोलस म्हणतात. तुम्ही टोपीफेकी म्हणायचात. "इत्ती बारीक हाय, पन उजेड कुठं हाय ते तिला बरोबर ठावं हाय," असं तुम्ही म्हणालात आणि मी त्या दिवसापासून तुमच्या मागे लागले.

मागे लागले म्हणजे अगदी शेपटासारखी. संतपूरला तुमच्या भावाच्या शेतात बांधावर उकिडवं बसून वाळकं शेण उलथायला तुम्ही मला शिकवलंत. हळ्ळीखेडच्या बाजारातून परतताना बैलाने रस्त्यात टाकलेलं शेण तुम्ही वर्तमानपत्रात बांधून बसमध्ये मांडीवर घेऊन बसलात, आणि कंडक्टरने "काय हाय ओ त्यात?" विचारल्यावर "मिठाई" म्हणालात. पावसाळा सरता सरता ज्वारीच्या शेंड्याला मिठी मारून मेलेला नाकतोडा तुम्हीच मला पहिल्यांदा दाखवलात. सहाही पायांनी कणसाला घट्ट धरलेलं, डोकं वर, आणि अंगाच्या प्रत्येक सांध्यातून तपकिरी मखमल बाहेर आलेली. मी हात लावायला गेले तर तुम्ही ओरडलात. "आधी बघ. कशावर हाय ते बघ. ज्याला खायली ते ठावं न्हाई, तर तिचं नाव घेऊन काय करतीस?"

म्हणून तुमच्या चिठ्ठीवर पहिला रकाना तोच असायचा. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या त्या चिठ्ठ्या, शाईच्या पेनाने पाडलेले पाच रकाने. कशावर उगवली. गाव. तारीख. नाव. कोणी ओळखलं. बॉलपेन तुम्हाला चालायचं नाही, वीस वर्षांनी पुसट होतं म्हणायचात. आणि नावाचा रकाना एकवीस दिवस कोरा ठेवायचा, हा नियम. शेणावर बुरश्या रांगेने येतात. पहिल्या आठवड्यात येतात त्या उतावळ्या, मग बाटलीच्या आकाराच्या बारीक काळ्या, आणि सगळ्यात शेवटी एका रात्रीत उगवून सकाळी शाई होऊन गळणारी छत्री. मला सगळ्याची घाई. तिसऱ्या दिवशी नाव लिहून मोकळी. तुम्ही चिठ्ठी फाडून टाकायचात. "कोंबडी बी एकवीस दिवस बसती अंड्यावर. तुला कामून घाई? थोडा सबर कर की."

आणि फुंकर. ती तुमची स्वतःची युक्ती, कुठल्याही पुस्तकात नसलेली. बुरशी वर आली की तोंड भांड्याजवळ न्यायचं, ओठ पुढे काढायचे आणि हलकी फुंकर मारायची. धूळ उडाली तर कोरड्या बीजाची, नाही उडाली तर चिकट. अर्ध्या बुरश्या एका फुंकरीत बाजूला. सर लोक सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवत बसायचे तोवर तुम्ही फुंकर मारून, नाक जवळ नेऊन, वास घेऊन सांगितलेलं असायचं. ते बरोबर निघायचं आणि सर चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहायचे. तुम्ही त्यांना दौत आणून द्यायचात.

त्या लोकांबद्दल मी किती बोलले आहे तुमच्याकडे! दात ओठ खाऊन बोलले आहे. आणि मग मीही तेच केलं.

कलबुर्गीच्या त्या संमेलनात आपल्या संतपूरच्या नाकतोड्याचा तक्ता लावायचा होता. फोटो तुमच्या शेतातले, ओळख तुमची, एकवीस दिवस राखलेलं भांडं तुमचं. आयोजकांचा एक माणूस म्हणाला, ओळखणाऱ्याच्या जागी अटेंडरचं नाव कसं टाकणार, पदवी काय लिहायची? मी एकदाच "पण" म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले नाही. वर माझं नाव, आणि खाली आभारात, बारीक अक्षरात, तुमचं. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होतात. तक्त्यासमोर उभं राहून वरपासून खालपर्यंत सगळं वाचलंत आणि म्हणालात, "अक्षर चांगलं आलंय." परतीच्या बसमध्ये हुमनाबादपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. उतरताना म्हणालात, "म्याडम, पिशवी राहायली बघा."

तोवर मी तुमची सुनंदा होते. बाई झाल्यावरही, लॅबमध्ये कोणी नसलं की, "ए सुनंदा, चहा पितीस का?" त्या दिवसापासून म्याडम. मी चिडले, रुसले, एकदा तर पाय आपटत म्हणाले, अप्पा, ते म्याडम बंद करा. तुम्ही म्हणालात, "न्हाई कसं, म्याडमच की." इतकं गोड म्हणालात की पुढे काही बोलायची सोय ठेवली नाहीत. माफी मागायची म्हणून मी किती वेळा नौबादला तुमच्या घरी आले असेन, आणि दर वेळी अक्कांच्या हातची भाकरी खाऊन, बुरश्या बघून परत गेले. माफी राहून गेली. ती मागायला दोन शब्द लागतात, आणि मी वर्गात तास तास बोलते.

तुम्ही रिटायर झालात आणि मागच्या खोलीत स्वतःची लॅब मांडलीत. फळी, भांडी, जुना सूक्ष्मदर्शक. तिथल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर शेवटच्या रकान्यात तुमचं नाव, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. मला ते बघून बरंही वाटायचं आणि मान खालीही जायची.

मास्कवरून आपलं भांडण तिथेच सुरू झालं. कोरोनाच्या नंतर मी तुम्हाला एक खोका मास्क आणून दिले. म्हटलं, अप्पा, आता फुंकर बंद, वास बंद, हे बांधूनच भांडं उघडायचं. लहानपणी तुम्हाला क्षय झाला होता, औषधांनी बरा झाला होता, हे मला अक्कांनी सांगितलं होतं. तुम्ही खोका खिळ्याला टांगलात. "थोबाडाला मुसकं बांधून वास कसा घ्यायचा ओ म्याडम? बैल हाव का मी?" मी म्हणाले, बैल परवडला. तुम्ही खूप हसलात. मग खोकलात. मग म्हणालात धुळीनं होतं.

तिथे एक बुरशी सारखी यायची. निळसर राखाडी, भुकटीसारखी. संतपूरच्या उकिरड्यात, जिथे हात घातला तर भाजेल इतकी ऊब असते, तिथून ती यायची आणि दुसऱ्यांच्या भांड्यात घुसून सगळं बिघडवायची. तिच्यासाठी तुमच्याकडे चिठ्ठी नव्हती. "ही फुकटी. बिनबोलावता येती. हिला कशाला नाव?" असं म्हणून तुम्ही भांडं खिडकीशी न्यायचात, एक जोराची फुंकर मारायचात, राखाडी धूर उठायचा, आणि मग उरलेलं उकिरड्यावर. कितीदा बघितलं मी ते. सुरुवातीला तर मला मजा वाटायची. मीही मारली आहे तिच्यावर फुंकर, तुमच्या शेजारी उभी राहून, आठ वर्षं.

या पावसाळ्यात तुमच्या रुमालावर रक्त दिसलं. अक्कांनी लपवलेला रुमाल दाखवला तेव्हा मी तुम्हाला जवळजवळ ओढतच कलबुर्गीला नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. क्षयाने उजव्या फुप्फुसात जुना खड्डा पडलेला आहे आणि त्या खड्ड्यात आता एक गोळा दिसतो, म्हणाले. बुरशी असणार. कुठली ते कळायला थुंकी तपासायला पाठवू, दोन-तीन आठवडे लागतील. तोवर गोळ्या. खरा उपाय म्हणजे हैदराबादला जाऊन तो भाग काढणं, पण वय आणि साखर बघता तो निर्णय तुमचा. तुम्ही सगळं ऐकलंत आणि विचारलंत, "नाव काय तिचं?" डॉक्टर म्हणाले, अजून माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "मग कळू द्या. नाव कळाल्याबिगर म्या चाकू लावू देणार न्हाई."

डॉक्टरांना तो हट्ट वाटला. मला वाटला नाही. तुम्ही आयुष्यभर जे केलं तेच करत होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या हातात झाकणाची एक छोटी बाटली दिलीत. "त्यांच्या रिपोर्टला टाइम हाय. तुमी बघा." हे करायला नको होतं, मला माहीत होतं, तरी मी ती बाटली कॉलेजात घेऊन गेले. थेंबभर काचेवर घेतलं. धागे होते, मध्ये मध्ये पेरं असलेले, आणि प्रत्येक ठिकाणी एकाच तिरक्या कोनात फुटलेले, बेचकीसारखे. उरलेलं बटाट्याच्या सत्त्वावर लावून ते भांडं चिकटपट्टीने बंद केलं. तिसऱ्या दिवशी पांढरं आलं. चौथ्या दिवशी पांढऱ्याच्या मधोमध निळसर राखाडी.

मला सूक्ष्मदर्शकाची गरज पडली नाही, अप्पा. झाकणातून बघितलं आणि कळलं.

त्याच संध्याकाळी मी तुमच्याकडे आले तर तुम्ही गच्चीवर होता. पाच पायऱ्या चढून बसायचं, पुन्हा पाच चढायच्या, असं करत तुम्ही वर पोचला होता. अक्का खालून ओरडत होत्या, कामून चढायलाव, कामून चढायलाव. वर हवा लागते, श्वास बरा येतो, म्हणालात. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, मान वर करून, तोंड उघडं ठेवून तुम्ही उभे होता. मला जे दिसलं ते मी बोलले नाही. तुम्हीच बोललात. "बघायलाव काय म्याडम? नाकतोडा चढलाय शेंड्याला." आणि हसलात. मी जिन्याकडे तोंड फिरवलं.

मग तुम्ही विचारलंत, "आलं का काही?"

हो म्हणायचं होतं. नाव ओठांवर होतं. पण ते नाव घेतलं की त्याच्या मागोमाग सगळंच आलं असतं: फुकटी, खिडकी, तो राखाडी धूर, खिळ्याला टांगलेला मास्कचा खोका. मी जिंकले असते, अप्पा. आपल्या इतक्या वर्षांच्या भांडणात, तुमच्या रक्तावर, मी जिंकले असते. ते मला नको होतं. आणि मी भित्री आहे, हेही लिहून टाकते. मी म्हणाले, "चारच दिवस झालेत. एकवीस होऊ द्या. तुमचाच नियम आहे."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. रागावलेलं बघणं नव्हतं ते. भांड्याचं झाकण न काढता आत बघायचात तसं होतं. मग म्हणालात, "व्हय. नियम हाय."

त्यानंतर मी पाच वेळा आले. तुम्ही पुन्हा एकदाही विचारलं नाहीत. मला वाटलं, विसरलात. गोळ्या चालू होत्या, एक आठवडा तर खोकला कमीही झाला, आणि मी स्वतःला सांगितलं की बघ, नाव न घेताही चाललंय. सतराव्या दिवशी सकाळी अक्कांचा फोन आला. रक्ताची मोठी उलटी झाली आणि गाडी बोलवेपर्यंत संपलं होतं. मी आले तेव्हा त्या फरशी धूत होत्या. कुणाला हात लावू देत नव्हत्या.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून रिपोर्ट आला. तेच नाव. मी फोन करून विचारलं, हे चौथ्या दिवशी कळलं असतं आणि ते हैदराबादला गेले असते तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. वाचलेही असते, टेबलावरही गेले असते. सांगता येत नाही. हे एवढं उत्तर माझ्या वाट्याला आलं आहे, आणि ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते तुम्ही शिकवलेलं नाही.

काल वंदना झाली, लोक जेवले, पांगले, तेव्हा अक्कांनी मला मागच्या खोलीत नेलं. फळीवरची भांडी त्यांनी धुऊन उपडी घातली होती. बिस्किटाचा तो पत्र्याचा डबा, ज्यात तुम्ही कोऱ्या चिठ्ठ्या ठेवायचात, तो त्यांनी माझ्या हातात दिला. "तुमच्यासाठी ठिवलाय. एकवीस झाल्यावर द्या म्हणले व्हते. एकवीस कशाचे ते मला ठावं न्हाई. उगं कशाला ठेवून घिऊ, न्या आता."

"कधी म्हणाले होते?"

"तुमी त्या दिशी गच्चीवर आल्ताव न्हाई का? तुमी गेलाव आन् खाली आले, पेन मागितलं, लिवलं काहीतरी. म्हणले, तिला कळलंय. तिच्या तोंडावरून मला बी कळलं. मी म्हणले, मग इचारा की तिला सरळ. तर म्हणले, न्हाई. एकवीस दिवस तिचे हाईत. मी मधी बोलणार न्हाई."

अक्का अडाणी नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "काय कळल्तं ओ तुमाला?" मी सांगितलं. तिथेच, उपड्या भांड्यांसमोर, सगळं सांगितलं. त्यांनी खिळ्यावरचा मास्कचा खोका काढला, त्यावरची धूळ पदराने पुसली आणि तो माझ्या पिशवीत घातला. अजून मला कळलेलं नाही की ती शिक्षा होती की काळजी.

आज सकाळी दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. सुट्टी घ्यायला हवी होती, घेतली नाही. शेणाची भांडी मांडली होती, मुली बघत होत्या. मागच्या टेबलावरच्या एका मुलीने भांड्यावर वाकून ओठ पुढे काढले. मी अशी ओरडले की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. पोरगी रडायला लागली. म्हणाली, म्याडम, तुम्हीच पहिल्या वर्षाला शिकवलं होतं फुंकर मारायला. खरंच शिकवलं होतं. दर वर्षी शिकवत आले आहे, मास्क बांधायला लागल्यावरही, गंमत म्हणून, आमचे अप्पा असं करायचे म्हणून. किती जणी असतील? औरादला, भालकीला, लग्न होऊन उदगीर-लातूरला गेलेल्या, कुठल्या कुठल्या शाळेत शिकवणाऱ्या. त्यांतल्या किती जणी आता आपल्या पोरांना शिकवत असतील? मी मुलींना मास्क वाटले आणि तुमच्याबद्दल सांगितलं, नावासकट, तुमच्या आणि त्या फुकटीच्या. माझा आवाज फाटला. गेले दोन महिने सकाळचा खोकलाही आहे मला थोडा. धुळीचा असेल.

आता दुपार आहे, लॅब रिकामी आहे. समोर ते बंद भांडं आहे, कडेपर्यंत राखाडी झालेलं. ते मी उघडणार नाही, उकळत्या वाफेत मारून टाकणार आहे. त्याच्या शेजारी तुमचा डबा. कोऱ्या चिठ्ठ्यांच्या वर एक भरलेली होती.

कशावर उगवली: माणूस. पुरुष. उजवं फुप्फुस.
गाव: संतपूर, हल्ली नौबाद.
तारीख: त्या गच्चीवरच्या दिवसाची.
नाव: कोरं.
कोणी ओळखलं: सुनंदा.

म्याडम नाही, पदवी नाही, आडनाव नाही. ज्या नावाने तुम्ही मला चहाला हाक मारायचात ते नाव, तुमच्या वळणदार अक्षरात, थोडं थरथरलेलं. आणि ज्या ओळखीवर मला माझं एकटीचं नाव कधी नको होतं, अप्पा, अशी एकच होती, आणि नेमकी तीच तुम्ही मला दिलीत.

मी शाईचं पेन उघडलं. नावाच्या रकान्यात लिहिलं: अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस. त्याखाली कंसात, तुमच्यासाठी: फुकटी. शेवटच्या रकान्यात माझ्या नावाच्या आधी जागा होती. तिथे तुमचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण, मोठ्या अक्षरात, तक्त्यावर लिहायला हवं होतं तसं. सतरा दिवस उशिरा सांगितलं आणि बाकीचं कितीतरी वर्षं उशिरा. माफ करा.

शाई ओली होती. सवयीने चिठ्ठी तोंडाजवळ नेली, ओठ पुढे आले, श्वास भरून घेतला. तो तसाच छातीत धरून मी समोरच्या भांड्याकडे बघत राहिले. मग चिठ्ठी खाली ठेवली, तोंड खिडकीकडे वळवून हळूच श्वास सोडला, आणि शाई आपली आपण वाळेपर्यंत बसून राहिले.